बोट लागते

उंगुजाचा धक्का सुटला की मी पिशव्या वाटतो.
काळ्या, पातळ, कानाला गाठ बसेल अशा.
घेताना लोक माझ्याकडे बघत नाहीत,
जणू मी त्यांच्याविषयी आधीच काही वाईट बोललोय.

नुंगवीचं दीपगृह मागे पडेपर्यंत सगळे शूर.
मग समुद्र उघडतो, भिंती कलतात,
चहाचा थर्मास एकटाच चालत दारापर्यंत जातो.

नोकरीचा माझा चौथा दिवस.
मलाच बोट लागते हे फाकीला ठाऊक आहे,
नाखुद्याला नाही.

फाकी म्हणतो, लाट बघू नकोस, माकामे,
लांबची रेघ बघ, ती हलत नाही.
मी बघतो. हलते.
‘रेघ नव्हे रे, तू.’

लवंगांच्या पोत्यावर बी म्वानाकोंबो,
पेंबाची, डोळे गच्च मिटून.
न उघडताच तिला कळलं.
कांगाच्या गाठीतून आल्याचं बोटुक काढलं,
दातांनीच सोललं:
‘गिळू नको. गालात धर.’
लिंबाची साल नखानं ओरबाडून नाकाशी.
‘सकाळी काय खाल्लंस?’
काही नाही.
‘म्हणूनच. पोट रिकामं ठेवलंस की समुद्र भरतो.’
कोरड्या पावाचा तुकडा हातात आला,
लवंगांचा वास लागलेला.

मग मनगट ओढलं,
घडीपासून तीन बोटं मोजली,
दोन शिरांच्या मधे अंगठा रोवला.
दुखलं. तोंडाला सुटलेलं पाणी
आलं तसं ओसरलं.
आल्यानं, लिंबानं, की कुणीतरी
हात धरल्यानं, ते सांगता येत नाही.

सातव्या रांगेत एक पोर ओकलं, मी धावलो.
आठवीत त्याची आई.
अर्धा तास मला माझं पोट आठवलंच नाही.

पेंबाची हिरवी कड दिसायला लागली
तेव्हा बी म्वानाकोंबोनं माझी बाही ओढली.
‘पिशवी आहे का एक?’
मी बघतच राहिलो.
‘चाळीस वर्षं झाली,’ ती म्हणाली,
‘दर खेपेला. फाकीला सांगू नकोस.’

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.
बांगडी वर सारली, तीन बोटं मोजली.
चुकलं असेल. ती काही बोलली नाही.

म्कोआनीच्या धक्क्याला बोट लागली.
तोंड पुसून ती उतरली, पोती मोजली,
एक कमी आहे म्हणून हमालावर ओरडली.

मी सिमेंटवर उभा,
गालात आल्याचा चोथा,
आणि सिमेंट
हळूच डोलतंय.