नकाराचा रकाना

दिवाळे कोळीवाडा, जेट्टीकडची गल्ली.
जाळ्यांच्या ढिगाशेजारी प्रज्वला तांडेल
पोर कडेवर घेऊन उभी.
"नको म्हणजे नको, सिस्टर.
मोठीच्या वेळेला तुम्हीच बोललात,
काय नाय होत."

बोलले होते.
दुपारचे दोन, सत्तेचाळीस घरं बाकी,
लसींच्या डब्यातला बर्फ पाणी होत चाललेला.
बोलले, आणि पुढच्या दाराशी गेले.
रात्री मोठीची मांडी दगड झाली, ताप एकशे तीन,
आणि माझा फोन
दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

दिराने मोबाइल पुढे धरला:
परदेशातला कुणी डॉक्टर, तावातावाने बोलणारा.
माझ्याकडे आकडे होते.
गोवराने गेलेलं एक पोरही होतं, तुर्भ्याचं.
गिळलं सगळं.

म्हटलं, "ताप येईल.
गाठही येईल, बोराएवढी.
रात्री अकराला फोन करीन मी."

तिने पोराचं टोपडं सारखं केलं.
"मग आज करा."
"आज कशाला? टोचलंय कुठं?"
"करता का, ते बघते."

नकाराचा रकाना कोराच ठेवून
मी रजिस्टर मिटलं.
तिच्यासमोरच
अकराचा गजर लावला.