स्थळ

साहेबांनी फाईल सरकवली. नाताळची पार्टी,
अठरा माणसं, पंचवीस हजार,
स्थळ तू बघ.
स्थळ म्हणाले, आणि मला बहिणीच्या लग्नाआधीची
दोन वर्षं आठवली.
पोहे, पत्रिका, कळवतो.

शनिवारी पुनोच्या स्कूटरवर मागे बसून निघालो,
वास्कोच्या बंदरातला कोळसा चष्म्यावर घेऊन.
बोगमाळोचं पहिलंच स्थळ खानदानी.
काचेचं दार, आत गारवा,
ताटाला अठराशे, कर वेगळा.
मॅनेजर गोड हसला, डिसेंबर आहे ना, म्हणाला,
जशी डिसेंबर ही त्यांची एकुलती एक मुलगी.
आम्ही पाणी पिऊन उठलो.

मग चिखलीचा हॉल.
मधोमध चार खांब असे, की अर्ध्या लोकांना
उरलेले अर्धे दिसू नयेत.
पुनो म्हणाला, हिशेबखात्याला आवडेल.

मग किनाऱ्यावरची शॅक:
वाळू फुकट, संडास लांब,
गाणी दहाला बंद, आणि पोलीस पावणेदहालाच हजर.
मालक म्हणाला, त्यांचंही ताट धरा.

मांडवीतली बोट बघायची राहिली,
कारण गावसबाईंना नदी नुसती दिसली तरी मळमळतं.
बार्जच्या कचेरीत तेवीस वर्षं झाली त्यांना.

सोमवारी सगळे जमले.
गुरुवार नको, मार्गशीर्ष आहे.
शनिवार नको, दर दुप्पट.
मासळी हवी. मासळी नको.
मासळी हवी, पण दुसऱ्या टेबलावर.
गाड्या कुठे लावायच्या?
सांताक्लॉज कोण?
यावर मात्र एकमत झालं, सगळे
माझ्या पोटाकडे बघत होते.

केरुबिना बिलं टाईप करत होती.
अठरांत जिच्या घरी नाताळ असतो अशी ती एकटीच,
हे कुणाच्या लक्षात यायला पाऊण तास गेला.
अरे, तिला विचारा की.
तिनं चष्म्यावरून पाहिलं.
तेवीसला ना? मी रजेवर आहे.
अर्ज दिलाय कधीचा.

होता अर्ज.
साहेबांच्या टेबलावर, पार्टीच्या फाईलखाली,
पंधरा दिवसांपूर्वीची तारीख, खाली तिची तिरकी सही.
साहेबांनी पेन शोधलं. कुणीतरी दिलं.

शेवटी खांबांचा हॉल ठरला.
सगळ्याच स्थळांचं असं होतं,
ज्याला नकार द्यायला कुणाकडे जोर उरत नाही
ते पसंत पडतं.
माझ्या मेव्हण्याला हे अजून सांगितलेलं नाही.

तेवीसच्या संध्याकाळी वेळसावला गेलो.
तिनं नेवऱ्यांचा डबा कबूल केला होता ऑफिससाठी,
रजेवर असूनसुद्धा.
बालकावात केरुबिना स्टुलावर चढलेली,
हातात बांबूच्या काड्यांचं नखेत्र,
पाठीला कागद चिकटवलेल्या खळीचा वास.
दरवर्षी मुलगा बांधतो, म्हणाली,
यंदा तो जहाजावर, जपानकडे कुठेतरी.
साडेसातला फोन करणार आहे,
व्हिडिओत त्याला आधी हेच दाखवायचंय.

धर रे मात्शे.
मी स्टूल धरलं. एक पाय आखूड होता,
खाली वहाण सरकवली.
बल्ब लागेना. वायर सोडली, पुन्हा बांधली.
वरूनच तिनं विचारलं,
मग, मिळालं का स्थळ?
मिळालं, म्हटलं. खांब आहेत.
ती इतकी हसली की स्टूल हललं
आणि मी दोन्ही हातांनी आवळून धरलं.

खिशात लाल टोपी होती. फोन वाजत होता,
पुनोचा, साहेबांचा, परत पुनोचा.
सव्वासात झाले. बल्ब अजून लागला नव्हता.