चिलमीचा घाट

दिघोरीच्या बाजारात
माझं तंबाखूचं पोतं आणि भागरताची टोपली,
बावीस वर्षं शेजारी शेजारी.
ती किंमत आधी सांगत नसे.
"कोनता वढता, बापा?"
हाच पहिला सवाल.

काळा तंबाखू, ओलसर, घशात नख मारणारा,
त्याला लांब मान हवी,
धूर तोंडाशी येईस्तोवर जरा थकला पाहिजे.
पिवळी पत्ती तणसासारखी भुर्रकन जळते,
तिला तोंड बारीक, भिंत जाड.
आणि गुळात मळलेला गुडाकू, तो तर जावई,
त्याला बसायला ऐसपैस वाटी,
वर निखारा ठेवता येईल अशी.

सोमा ढिवर डोंग्यात बसून ओढायचा.
त्याची काठ आत वळवलेली,
तलावावरच्या वाऱ्याने ठिणगी पळवू नये म्हणून.
वारलूच्या उजव्या हाताला दोनच बोटं;
त्याच्या चिलमीला तिने भाजण्याआधी
अंगठ्याने खळगा दाबला होता.
ह्याचा तंबाखूशी काय संबंध, मी विचारलं.
"चिलीम का तंबाखू धरते?" ती म्हणाली.

स्वतः तिने कधी दम मारला नाही.
फुटक्या चिलमी मात्र परत मागायची,
आतला काट नखाने खरवडून हुंगायची.
"या खेपेले देठं लई टाकले का रे, चैतराम?"
टाकली होती. निम्मी.

मग एका सोमवारी उरकुडे नाकेदार आला, पेन्शनीतला.
खिशातून लाकडी पाइप काढला,
बदकाच्या मानेसारखा वाकडा, दातांनी कुरतडलेला,
वाटीला उभी चीर.
"असा घाट जमते का?"
"जमते. कोनता वढता?"
त्याने छातीवर बोट ठेवलं.
डॉक्टरने बंद केला. आता कोणताच नाही.
फक्त दातांना सवय आहे.

भागरता गप्प.
दोन बाजार गेले.
तिसऱ्याला तिने फडक्यातून काढली,
बदकाची मान तीच, वाटी नावापुरती, बोराएवढी,
रंग राखेचा.
कच्ची! मी हसलो.
"भाजली नाई. ओठाले चिकटन,"
ती त्याला म्हणाली, मला नाही.

त्याने तोंडात धरली.
सवयीने काडेपेटीसाठी खिसा चाचपला
आणि हात तिथेच राहिला.
"झिजन हे. झिजली का येजा,
दुसरी देतो."

पावसाळ्यात पंधरा दिवस पुरायची,
उन्हाळ्यात महिना.
येताना तो माझ्या पोत्याला वळसा घालून यायचा.

एकदा ती पाणी प्यायला उठली तेव्हा
टोपलीतली कच्ची उचलून
मी ओठाला लावून पाहिली.
चिकटली.
सोडवताना थोडं कातडं आलं.