शनिवारचा डबा

चुलीजवळ दोन डबे. एक आमचा, एक देवाचा.
तांदूळ धुवायच्या आधी
एक मूठ देवाच्या डब्यात,
सकाळी एक, संध्याकाळी एक.
चंफाईकडच्या आमच्या डोंगरावर
सासूच्या सासूपासून हे चालत आलंय.
चर्चचा पत्रा, शाळेचे बाक,
खालच्या गावातल्या दवाखान्याची पांढरी भिंत,
सगळं बायकांच्या मुठींनी उभं केलेलं.

शनिवारी मी घरोघर जाते.
पाठीवर टोपली, तिचा पट्टा कपाळाला,
हातात काटा आणि वही.
रोखुमी नीट मोजते, असं पाळकसुद्धा म्हणतात.
कुणाच्या डब्यात कणी जास्त,
कुणाची मूठ सून आल्यापासून आखडली,
मला न विचारता कळतं.
विचारलं तर मी सांगतेही.

आता माझं.
सोमवारी घाई होती.
मंगळवारी नवऱ्याशी भांडण. रागात मूठ उघडत नाही.
बुधवारी आठवलं, भात शिजल्यावर.
गुरुवार-शुक्रवार तर आठवलंही नाही.
शनिवारी पहाटे, कोंबडा आरवायच्या आत,
मागच्या वर्षीच्या पोत्यातले किडलेले तांदूळ
पाखडून घेतले
आणि चौदा मुठी एकदम ओतल्या.
वजन बरोबर. वहीतली ओळ भरली.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझ्याकडे झाकायलाही मूठ नव्हती.

असं किती वर्षं?
वही म्हणते एकोणीस. एक खाडा नाही.

या शनिवारी धुकं इतकं
की उतारावरचं बियाकछुंगीचं घर
आधी कुत्र्याच्या भुंकण्यावरून कळलं.
तिने डबा पुढे केला. तळ दिसत होता.
"बुधवारपर्यंत टाकले होते," ती म्हणाली.
"मग थोरलीला ताप आला, पेज मागायला लागली.
काढून घेतले परत.
त्याला सांगितलंय मी."
शेजारणीचा विळा आणावा
आणि आणला म्हणून सांगावं, तसं.
मान खाली नाही, डोळ्यांत पाणी नाही.

मी वही उघडली.
दया आली म्हणून
अर्धा किलो लिहायला पेन टेकवलं.
तिने पाहिलं.
"शून्य लिही. शून्यच आहे."

परतीच्या चढावर टोपली नेहमीपेक्षा हलकी,
तरी पट्टा कपाळात रुतत होता.
वाईट वाटलं म्हणाले असते, पण खरं सांगते,
मला तिचा मत्सर वाटला.
एकोणीस वर्षं मी त्याला वजन दिलं.
तिने त्याला सांगितलं.
माझी प्रार्थना लांब असते,
बुधवारच्या सभेत बायका माझ्या आमेनची वाट बघतात.
पण "काढून घेतले परत"
एवढं लहान, एवढं सरळ वाक्य
मी त्याच्याशी कधी बोलले?

रविवारी ढोल वाजला, आम्ही गायलो.
वहीत माझ्या ओळीवर काट मारायचं ठरवून गेले होते.
मारली नाही. पाळक शेजारीच उभे होते.

सोमवारी सकाळी डबा उघडला.
नव्या तांदळातली एक मूठ घेतली, टाकली.
मोठी नव्हती.
रिकाम्या पत्र्यावर दाणे पडल्याचा
तो कोरडा, सांडता आवाज
मी कधीची विसरले होते.

जेवताना नवरा म्हणाला, आज भात कमी पडला.
मी काही बोलले नाही.
आणि त्या न बोलण्याचा
मला लगेच, तिथेच, पळी हातात असताना,
थोडा अभिमान वाटला.

हे बघ, प्रभू.
हे असं आहे.