खरड छाटणी

स्विंडनचं हे घर घेतलं तेव्हा
कुंपणालगत तीन कॅमेलिया होत्या,
डोरीन पोकॉकबाईंनी लावलेल्या, कोणत्या साली कोण जाणे.
माथ्यावर तेवढी पानं, खाली नुसत्या काटक्या.
पानंही पिवळी, शिरा मात्र हिरव्या,
जणू नकाशातल्या नद्या तेवढ्या रंगवायच्या आणि उठून जायचं.

पलीकडचा गॅरेथ म्हणाला, उपटून टाका, मी ट्रेलर आणतो.
मी नखाने साल खरवडली.
करड्या सालीखाली
वेलदोड्याच्या टरफलाचं हिरवं होतं.

चूक पाण्याची होती.
किटलीच्या बुडाशी बसतो तोच चुना
आम्ही सात वर्षं नळीने पाजत होतो, प्रेमाने.
आता पन्हळीखाली पिंप आहे,
आणि या गावात पावसाचा हात कधी आखडत नाही.

बुंध्याशी मातीचे थर, त्यावर लाकडाच्या भुश्शाचे,
खोड गळ्यापर्यंत पुरलेलं.
जुन्या डावाने उकरत गेले
तर पत्र्याची पट्टी निघाली, अक्षरं पुसलेली.
ती मी परत तिथेच खोचली.

पिंपळगावला मामा एप्रिलात द्राक्षबाग छाटायचा.
खरड छाटणी. वेली इतक्या उघड्या की बघवायचं नाही.
विचारलं होतं, दुखत नाही का त्यांना?
मामा म्हणाला, कात्री बोथट असली तर दुखतं.

म्हणून आधी कात्रीला धार लावून आणली.
इथेही एप्रिलच, फुलं गळून गेलेली.
प्रत्येकीच्या तीन फांद्यांतली एक, गुडघ्याइतकी ठेवून.
एक पुढच्या वर्षी. एक त्याच्या पुढच्या.
अच्युत खिडकीतून मोजत होता,
डावा हात मांडीवर, अजून त्याचं न ऐकणारा.
"म्हणजे तीन वर्षं?"
"तीन."
मग चहा होईपर्यंत दोघंही गप्प.

जूनमध्ये दोघींना धुमारे फुटले,
थेट जाड खोडातून, जिथे डोळासुद्धा दिसत नव्हता,
तांबूस, मुंगीच्या डोक्याएवढे.
मी ओरडले तेव्हा अच्युत काठी न घेताच दारापर्यंत आला,
आणि मग आम्ही दोघंही त्या काठीवरून भांडलो.

तिसरी गप्प आहे.
पिंपातलं पाणी तिलाही तेवढंच घालते.
वर नख लावलं: तपकिरी.
हातभर खाली लावलं: तपकिरी.
त्याच्या खाली
अजून लावलेलं नाही.