एक सुशीला

बदलीच्या आदेशावर परभणी लिहिलं होतं,
जेवायचं कुठं ते नव्हतं.

पहिल्या आठवड्यात स्टेशन रोडच्या हॉटेलात
मुंजाजीनं मला पडद्यामागं नेऊन बसवलं.
फॅमिली रूम : तीन टेबलं, एक बंद कूलर,
गेल्या वर्षाचं कॅलेंडर डिसेंबरवर अडलेलं.
"मागून कोणी यायलंय का?"
नाही म्हटलं.
तरी त्यानं पाण्याचे दोन ग्लास ठेवले.

मी चिपळूणची.
आमटीत आमसूल नसलं तर हात धुतल्यावरही
जेवण राहून गेल्यासारखं वाटायचं.
दिवसभर कालव्याच्या पाण्याचे आकडे
वहीतून संगणकात, संगणकातून वहीत,
आणि संध्याकाळी पडद्याच्या फटीतून
बाहेरची माणसं काय खातात ते बघायचं.

येसराची आमटी तशी सापडली.
समोर तीन ट्रकड्रायव्हर
भाकरी कुस्करून खाली माना घालून बसलेले,
न बोलता, पेपर अवघड गेल्यासारखे.
मी पडद्यातून हात काढला : मला ते.
"झेपंल का, मॅडम?"
नाही झेपलं.
कानाच्या पाळ्यांनाही घाम येतो हे तेव्हा कळलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

सगळंच काही सापडत नाही.
वसमत रोडच्या एसी हॉटेलात
पनीर चार रंगांत, चव एक.
आणि "सुरमई मिळेल" म्हणणाऱ्याकडं
सुरमई बहुतेक फक्त पाटीवर राहत होती.
त्या रात्री बिस्किटं खाल्ली.

खिचडी-खट्ट्याला मात्र सातच्या आत पोचावं लागतं.
दर्ग्याच्या रस्त्यावर रौफभाईंची गाडी,
पातेल्यावर परात, परातीवर वीट.
"आपा, खट्टा होर डालूँ?"
डालो.
तीळ, चिंच, कच्चा कांदा,
पिवळ्या खिचडीवर पसरत जाणारं ते करडं आंबट,
आणि जिभेला अचानक आठवलेलं काहीतरी :
आमसूल नव्हे, पण आमसुलाच्या
ओळखीतलं कुणीतरी.
तिथं पडदा नाही. एक बाकडं,
आणि थोडी थोडी सरकून जागा करणारी माणसं.

मग विद्यापीठाच्या फाटकापाशी प्रयागबाईंची टपरी.
कढई एकच.
सकाळी मिरचीची भजी, चारनंतर दुसरं काहीतरी.
काय, ते लिहिलेलं नाही, नुसतं ओरडतात :
"एक सुशीला! तिखट!"

मी दचकून मागं पाहिलं.
माझ्या आईचं नाव.
एवढ्या मोठ्यानं तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं.
अण्णा तर नुसतं खाकरायचे.

ताटलीत भिजवून पिळलेले मुरमुरे,
डाळव्याचं कूट, शेंगदाणे, हिरवी मिरची,
हळद बोटाला लागेल एवढी.
हातात वजन जाणवत नाही,
खाल्ल्यावर रात्रीपर्यंत भूक फिरकत नाही.
उभ्या उभ्याच फोन लावला.
"आई, इथं तू वीस रुपयाला प्लेट मिळतेस."
पलीकडं कुकरची एक शिट्टी झाली.
दुसरी झाली.
"तिखट आहे का?" तिनं विचारलं.
"सांगितलं तर करतात."
"मग सांग ना," आई म्हणाली,
"गप्प काय राहतेस?"

प्रयागबाईंनी माझ्याकडं न बघता
मुठीनं मिरच्या टाकल्या.

काल मुंजाजीकडं गेले ती
सरळ दारापाशी बसले, पंख्याखाली,
ड्रायव्हरांच्या टेबलाला पाठ लावून.
तो पडद्यापर्यंत जाऊन परत आला,
काही बोलला नाही.
सवयीनं दोन ग्लास ठेवले.

दोन्ही मीच प्यायले.
येसर होता.