कडेचा रंग

म्युझियमच्या व्हरांड्यात, वीरगळाच्या शेजारी
टेबल मांडलेलं, पांढऱ्या चादरीचं.
तीनशे चाळीस पेले. मोजले मीच,
भाड्याचे होते, आणि एक फुटला तर
पंचाऐंशी रुपये, असं रॉयस्टननं बजावलेलं.

तिकीट दोन हजार.
तेवढ्यात चाळीस रंगपेट्या येतात, बारा रंगांच्या.
हा हिशोब मी येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मांडत होते:
ह्या चाळीस, हे दोघं ऐंशी,
डॉ. पट्टणशेट्टी सहकुटुंब, एकशेसाठ.

मला उभं केलं होतं मुलांच्या चित्रांपाशी,
चित्रकलेच्या बाई म्हणून, पदराला बिल्ला टोचून.
पाट्या तीन भाषांत. मराठी सगळ्यांत खाली,
आणि चित्रकलेतला 'त्र' गळालेला.
चिकला.
मी पर्समधल्या पेनानं भरला.

रॉयस्टन सांगत होता, आधी वास घ्या,
जिभेवर फिरवा, लगेच गिळू नका.
तिकोट्याकडची द्राक्षं ही. काय काय लागतं, सांगा.
"जांभूळ."
"ओलं लाकूड."
"मिरी." "धूर." "जुनं चामडं, नाही का?"
मग बादलीत थुंकायचं, सभ्यपणे,
आणि पुढच्या पेल्याकडे वळायचं.

आमच्या चौथीच्या वर्गात, पत्र्याखाली,
मीसुद्धा हेच विचारते: हा लाल कसला?
"कौलाचा, बाई."
"कोंबड्याच्या तुऱ्याचा."
"बसचा, चिखल लागायच्या आधीचा."
"आमचा आजा थुंकतोय तसला."
खरं पेटीतली लाल वडी जूनमध्येच संपते.
मग वर्षभर विटाही पिवळ्या.

तनुजा हुंदरे, वय नऊ, माझ्याबरोबर आलेली,
कारण तिचं चित्र मधोमध टांगलेलं:
खानापूरची भट्टी, आणि भट्टीजवळ आई,
भट्टीपेक्षा वीतभर उंच.
एका बाईंनी वाकून विचारलं, हे काय आहे, बेटा?
हिंदीत. मग इंग्रजीत. मग कन्नडात.
ती तिन्ही भाषांत गप्प.
कागदी वाटीतला कुंदा चाटत राहिली.

साडेनऊला हार, भाषणं, फोटो.
चेकचा हा एवढा मोठा पुठ्ठा आला,
एक टोक अध्यक्षांच्या हातात, एक तनुजाच्या.
सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते.
ती पुठ्ठ्यामागे डोकावत होती.
"बाई," कानाशी येऊन म्हणाली,
"मागनं कोरा हाय. घेऊन जाऊया?"

पाहुणे गेले. पेले धुवायला
मी पदर खोचला, रॉयस्टननं बाह्या दुमडल्या.
तळाशी सगळ्यांच्या घोट-घोट उरलेलं.
"थोडकं घेतो बाई, पीत नाही,"
आणि बोट बुडवून तिनं पुठ्ठ्याच्या पाठीवर
एक कोंबडा काढायला घेतला.
तुरा झाला, मान झाली, मग थबकली.
"लाल नव्हे की हे. निळं पडालंय."

खरंच पडत होतं. जांभळं, मग राखेसारखं,
शेपटीशी तर पार पावसाळी.
दोन हजारांच्या तिकिटात
हा रंग कुणाला दिसला नव्हता.

पंखाखाली एक थेंब सांडलेला.
तो वाळताना आम्ही दोघी बघत बसलो,
पेले तसेच ठेवून.
मध्ये फिकट होत गेला, कडेला गडद,
जणू कुणी बारीक ब्रशनं काठ ओढला.
"असं का, बाई?"
कड आधी वाळते, म्हटलं,
म्हणून आतला सगळा रंग तिकडंच धावतो.
तिनं मान हलवली, पटल्यासारखी,
आणि मुद्दाम आणखी दोन थेंब सांडले.

खानापूरची शेवटची बस, दहा दहाची.
कंडक्टरनं पुठ्ठ्याकडे बघून विचारलं, ह्याचं तिकीट?
मग आकडा वाचला, आणि वाचून
थोडा सरकून उभा राहिला.
रकमेची बाजू वाटेकडे.
कोंबडा तिच्या गुडघ्यांकडे, अजून ओला.